इंदूर पद्धतीचे खत

घरामागच्या परसात, आणि परस नसल्यास गच्चीच्या कोपऱ्यात, एखादे जुने पिंप ठेवून त्यात भाजीची देठे, फळांच्या साली आणि वाळलेला पालापाचोळा थरावर थर रचून खत करण्याची हौस अलीकडे शहरांतून वाढीस लागली आहे. बेळगाव असो, मडगाव असो, वडोदरा असो की हैदराबाद असो, बाग करणाऱ्या माणसाला या पिंपाची रीत कोणी ना कोणी सांगितलेली असते. कोरडा थर, ओला थर, मूठभर माती, थोडे जुने खत, बेताचे पाणी आणि अधूनमधून उलटापालट. ही रीत इतकी साधी वाटते की तिला काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः तिला इतिहास आहे, आणि त्याचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय होळकरांच्या इंदूर शहराबाहेरच्या तीनशे एकर काळ्या जमिनीवर लिहिला गेला. इंग्लंड-अमेरिकेतील बागाईतदारांच्या पुस्तकांतून ‘इंदूर पद्धत’ हे शब्द आजही भेटतात. खुद्द इंदुरात मात्र शहराच्या नावाचा हा लौकिक ठाऊक असणारी माणसे थोडीच आढळतील.

कुजवून खत करण्याची कल्पना इंदुरात जन्मली, असे मात्र कोणी समजू नये. उकिरडा हा आपल्या खेड्यांतील प्रत्येक घराचा जुना सोबती आहे. कोकणातील मासळीचे खत, देशावरचे शेणखत आणि सोनखत, तळ्यातला गाळ, धनगराला धान्य देऊन शेतात बसवलेल्या मेंढ्या, हे सारे प्रकार शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत होते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते असे आपण म्हणतो. पण उकिरड्याचे दैव उजळण्याऐवजी ते दिवसेंदिवस खालावत चालले आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विचारी माणसांच्या ध्यानात येऊ लागले होते. १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. गायराने आणि डोंगर जंगलखात्याच्या ताब्यात गेल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरावयास जागा उरली नाही आणि पावसाबरोबर शेताचे सत्त्व वाहून जाते, ही तक्रार त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत मांडली. त्यानंतर सहा वर्षांनी इंग्लंडहून डॉ. व्होल्कर नावाचे शेतीरसायनाचे जाणकार सरकारने पाहणीसाठी पाठविले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र शेतात जावयाचे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते, आणि तसे होण्याचे कारण आळस नसून सरपणाचा तुटवडा हे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे खताचा प्रश्न मुळात चुलीचा प्रश्न होता. पुढील सर्व हकिकत वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१९०५ साली अल्बर्ट हॉवर्ड नावाचा एकतीस वर्षांचा वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारमधील पुसा येथील सरकारी शेतीसंशोधन संस्थेत रुजू झाला. श्रॉपशर परगण्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा. केंब्रिजला शिकलेला. त्याआधी वेस्ट इंडिजमध्ये पिकांवरील बुरशीचा अभ्यास करीत असताना, आपण सांगितलेला उपाय स्वतःच्या शेतात करून पाहावयास आपल्याला शेतच नाही, ही खंत त्याच्या मनाला लागली होती. त्याच वर्षी त्याचा विवाह गॅब्रिएल मॅथाई या विदुषीशी झाला. वनस्पतींच्या श्वसनावर आणि पोषणावर केंब्रिजमध्ये तिने केलेले काम तज्ज्ञांनी वाखाणलेले होते. पुढची पंचवीस वर्षे या दांपत्याने खांद्याला खांदा लावून काम केले. पुसाचे गहू त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. १९१३ मध्ये गॅब्रिएलबाईंना सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद रीतसर मिळाले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुसा येथे हॉवर्ड यांनी एक चमत्कारिक वाटणारा निश्चय केला. आसपासच्या रयतेला शिकवावयाचे ते मागाहून पाहू. आधी तिच्यापासून शिकून घ्यावे. आपले शेतीचे गुरुजन दोनच, एक येथला शेतकरी आणि दुसरी पिकावरील कीड, असे ते पुढे सांगत असत. कीड ही पिकाच्या शत्रूपेक्षा पिकाच्या प्रकृतीची परीक्षक अधिक आहे. जमीन सकस असेल तर पीक आपोआप तग धरते, असे त्यांचे मत बनले. आपल्या बैलांची नाके शेजारच्या लाळ-खुरकताने आजारी गुरांच्या नाकाला लागली तरी आपले बैल निरोगी राहिले, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. या विधानाकडे आजचा पशुवैद्य जरा सावधपणेच पाहील, आणि ते योग्यही आहे. हॉवर्ड यांचा स्वभाव ठाम होता, आणि ठाम माणसे कधी कधी एका अनुभवावर मोठी इमारत उभारतात. परंतु सकस माती कशी टिकवावी हा त्यांनी हाती घेतलेला प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याची त्यांची रीतही खरी होती.

पुसा येथे एक अडचण होती. गव्हाची जात सुधारणारा एका खोलीत, मातीचा रसायनज्ञ दुसऱ्या खोलीत, कीटकशास्त्रज्ञ तिसऱ्या खोलीत, आणि पीक मात्र बाहेर शेतात. ही वाटणी हॉवर्डना मानवेना. स्वतंत्र संस्था काढावयाची त्यांची धडपड अखेर १९२४ साली फळास आली. मुंबईच्या कापूस समितीने पैसा दिला, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी वर्गणी दिली, आणि इंदूर दरबाराने तीनशे एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने दिली. ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या नावाने ही संस्था उभी राहिली. समितीला हवा होता कापूस. हॉवर्ड म्हणत, कापूस सुधारावयाचा तर आधी माळव्याची काळी जमीन सुधारली पाहिजे. आणि जमीन सुधारावयाची तर तिला कुजलेले सेंद्रिय द्रव्य, ज्याला शास्त्रात ह्यूमस म्हणतात, ते भरपूर मिळाले पाहिजे. ते आणावयाचे कोठून?

या ठिकाणी दोन पुस्तकी गोष्टी त्यांच्या उपयोगी पडल्या. अमेरिकेचे मृदाशास्त्रज्ञ किंग यांनी १९०९ साली चीन, कोरिया आणि जपान पाहिले होते. चाळीस शतके एकाच जमिनीत पिके काढूनही तेथील शेतकऱ्याने तिचा कस कसा राखला, याचे त्यांनी केलेले वर्णन १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. काडी, पाने, गाळ, मैला, काहीही वाया न घालविणारी ही चिनी रीत हॉवर्ड यांच्या मनात घर करून राहिली. दुसरी गोष्ट इंग्लंडची. रॉथॅम्स्टेड येथे १९२१ मध्ये हचिन्सन आणि रिचर्ड्स या दोघांनी गुरांवाचून, नुसत्या गवताच्या काडीत रसायने घालून खत कुजविता येते हे दाखविले होते. काडी कुजावयास नायट्रोजन लागतो, हा त्यातील मुद्दा. परंतु माळव्याच्या शेतकऱ्याने रसायनाची पोती विकत घ्यावयाची कोठून? त्याच्या गोठ्यात नायट्रोजन फुकट सांडत होता, म्हणजे बैलांचे मूत्र. रोज ते जमिनीत मुरून वाया जाई. इंदूर पद्धतीचे मर्म या एका निरीक्षणात आहे.

ही पद्धत थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. शेतातून निघणारी प्रत्येक वनस्पती गोळा करावयाची: तण, पाचट, धसकटे, गळालेली पाने. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या कठीण. म्हणून त्या शेतातील गाडीवाटेवर पसरून ठेवीत. बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि माणसांच्या पायांखाली त्या आपोआप चेचल्या जात, निराळी मजुरी पडत नसे. हिरवे तण आधी वाळवावयाचे. मग हे सारे मिसळून रात्री गोठ्यात बैलांखाली अंथरावयाचे आणि सकाळी शेणमुतासह उचलावयाचे. गोठ्याला फरशी नसे. जमिनीवर मातीचा जाड थर घालीत. तो मूत्र पिऊन घेई आणि तीन-चार महिन्यांनी खणून काढीत. ही मूत्रमाती आणि चुलीतली लाकडाची राख, शेणाच्या काल्यात कालवली की मसाला तयार झाला.

खड्डे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघे २ फूट खोल असत. खोली इतकी कमी का, असे कोणालाही वाटेल. हवा तळापर्यंत पोहोचावी म्हणून. काडीकचऱ्याचा एक पातळ थर, त्यावर शेणकाल्याचा शिंपडा, पुन्हा थर, असे भरीत जावयाचे. भरताना थर पायांनी तुडवावयाचे नाहीत, असा सक्त नियम होता. शेणकाल्यात दहापंधरा दिवसांच्या जुन्या खड्ड्यातील बुरशी धरलेले थोडेसे खत घालीत. मराठी गृहिणीला हे निराळे समजावून सांगावयास नको; हे विरजणच होय. दोन आठवड्यांत खड्डा आतून पांढऱ्या बुरशीने भरून जाई आणि त्यात हात घालवत नसे, इतकी उष्णता उत्पन्न होई. सुमारे ६५ अंश सेल्सिअस. बुरशीचे काम आटोपले की सूक्ष्म जंतूंचे काम सुरू. पंधरा-सोळा दिवसांनी पहिली उलटापालट, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, प्रत्येक वेळी बेताचे पाणी. उलटापालट करण्यास जागा राहावी म्हणून खड्ड्याचा एक भाग प्रथमपासून रिकामा ठेवीत. नव्वद दिवसांनी मातीसारखे मोकळे, काळसर खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचे, त्यामुळे त्या दिवसांत जमिनीच्या वर ढीग रचीत, तळाशी ८ फूट, माथ्याशी ७ फूट आणि उंची पुन्हा २ फूटच.

हे सर्व डोळ्यांनी पाहून जमण्यासारखे नव्हते. कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण आरंभी सुमारे ३३ ला १ असले पाहिजे, आणि खत पिकल्यावर ते १० ला १ पर्यंत उतरते, ही गोष्ट प्रयोगशाळेत नमुन्यामागून नमुने तपासूनच कळते. खड्ड्याचे तापमान, ओलावा, नायट्रोजनची घट आणि वाढ यांची नोंद ठेवावी लागते. इंदूर संस्थेतील रसायनविभागाचे मुख्य साहाय्यक होते यशवंत वाड. नाव आणि आडनाव दोन्ही मराठी वळणाची. १९३१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने इंदूर पद्धतीचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसे करावे, हा त्याचा विषय. त्याच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे शेजारी शेजारी छापलेली आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. इंग्रजी अमदानीत गोऱ्या संचालकाच्या बरोबरीने हिंदी साहाय्यकाचे नाव ग्रंथकार म्हणून येणे, यात हॉवर्ड यांचा प्रामाणिकपणा दिसतो. पण पुढे काय झाले ते पाहावे. इंदूर पद्धतीचे वर्णन करणारी पुस्तके जगात पुष्कळ निघाली. त्यांतील बहुतेकांत हॉवर्ड आहेत, वाड नाहीत. ‘एक इंग्रज शास्त्रज्ञ आणि त्याचे इंदूर’ एवढीच गोष्ट उरली. गॅब्रिएलबाईंचीही तीच गत झाली. त्या १९३० च्या ऑगस्टमध्ये वारल्या, ग्रंथ निघण्याच्या आधी. हॉवर्ड यांनी १९४० साली लिहिलेला आपला सर्वांत गाजलेला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. वाचक ती अर्पणपत्रिका उलटून पुढे जातात.

हॉवर्ड १९३१ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले. वाड इंदुरातच काम करीत राहिले. नवे संचालक जॅक्सन यांच्यासह त्यांनी १९३४ साली एक पत्रिका लिहिली. शेतातील कचऱ्यावरून ते आता वस्तीतील कचऱ्याकडे वळले होते: गावचा केर आणि मैला इंदूर पद्धतीने निर्धोक खतात कसा बदलावा, हा तिचा विषय. ही पत्रिका थोडक्या पानांची असली तरी तिचे महत्त्व मोठे आहे, कारण शास्त्राने अशा कामाला हात घातला होता, जे काम समाजाने एका वर्गाच्या डोक्यावर लादून स्वतः नाक दाबून धरले होते. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’ पत्रातून या पद्धतीची माहिती देशभर पोहोचविली. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करण्याचे जे व्रत पुढे चालविले, ते याच विचारांच्या कुळातील होय.

परदेशात ही पद्धत वेगाने पसरली. केनियात नैरोबीजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात १९३३ मध्ये तिची सुरुवात झाली. मग चहाचे मळे, उसाचे मळे. १९३४ मध्ये हॉवर्ड ‘सर’ झाले. अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले ते हॉवर्ड यांच्या लेखनाने भारून जाऊन. इंग्लंडमध्ये १९४६ साली ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये हॉवर्ड निवर्तले.

आणि ज्या शेतकऱ्याकडून हे शिकले गेले, त्याचे काय? येथे इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मळेवाल्याजवळ मजूर होते, पाणी होते, गाड्या होत्या. दोन बैलांच्या धन्याजवळ यांपैकी काय होते? तीन वेळा खड्डा उलथावयाचा म्हणजे तीन वेळा घरच्या माणसांचे दिवस मोडावयाचे, तेही अनेकदा पेरणीच्या किंवा काढणीच्या घाईत. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की खड्ड्याला पाणी कोठले? आणि चूल तर पेटलीच पाहिजे. शेणाचा काही भाग जळणाला गेला तरी उरलेल्यावर खड्डा भागतो, असे हॉवर्ड यांनी सांगितले होते. ते खरेही होते. परंतु व्होल्करने दाखविलेला सरपणाचा तिढा खतशास्त्राने सुटणारा नव्हता. पुढे सरकारे बदलली, रासायनिक खताची पोती स्वस्तात मिळू लागली, आणि इंदूरचे खड्डे इंदूरच्या मुलखातही मागे पडले. या अपयशाचे खापर शेतकऱ्याच्या माथी फोडणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही.

ही उणीव ओळखून पुढच्या लोकांनी पद्धतीत फेरफार केले. बंगळूर येथे डॉ. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास न उलथता, थर झाकून ठेवून खत करण्याची रीत बसविली. नगरपालिकांना ती सोयीची ठरली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी मुख्यतः काडीकचरा आणि मातीवर भर देणारी, अगदी थोड्या शेणावर भागणारी टाकी तयार केली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचे बांधकाम, आणि भिंतींत हवेसाठी ठेवलेली भोके. उलटापालट नाही, कारण हवा भोकांतून आत जाते. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. पुष्कळांना हे एखादे इंग्रजी लघुरूप वाटते. ते एका मराठी माणसाचे नाव आहे.

इंदूरच्या संस्थेच्या जागेवर १९५९ मध्ये शेतकी महाविद्यालय सुरू झाले. शहर वाढत वाढत त्याच्या पलीकडे गेले. २०१७ पासून स्वच्छतेच्या सरकारी पाहणीत इंदूर सलग वर्षे पहिले आले. घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा होऊ लागला, आणि २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू आणि खत करणारा मोठा कारखाना तेथे उघडला. जे वाड आणि जॅक्सन यांनी १९३४ मध्ये मांडले, त्याचे हे फार दूरचे पण ओळखू येणारे रूप आहे.

घरच्या पिंपात बैल नाही, गोठा नाही. तरी इंदूरच्या नोंदी तेथेही जशाच्या तशा लागू पडतात. स्वयंपाकघरातील ओला कचरा हा नायट्रोजनचा भाग. तो एकटाच टाकला तर सडतो. वाळलेली पाने, पाचोळा, नारळाची शेंडी, तुकडे केलेला पुठ्ठा हा कार्बनचा भाग. तो एकटा महिनोन् महिने तसाच पडून राहतो. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडे, असा ढोबळ अंदाज ठेवावा. दाबून भरू नये; इंदूरच्या मजुरालाही थरांवर पाय देण्यास बंदी होती. दुर्गंधी आली, माशा घोंगावू लागल्या, तर ढिगाला हवा कमी पडते आहे असे समजावे आणि तो उलथावा. आत पांढरी बुरशी दिसली की पुष्कळ जण घाबरून पिंप ओतून टाकतात. ती बुरशी म्हणजे काम नीट चालल्याची खूण होय. ढीग लहान असल्यामुळे ६५ अंशांची उष्णता घरी सहसा दिसावयाची नाही, म्हणून शिजलेले अन्न आणि मासळीचे काटे त्यात न घातलेले बरे. मूठ दाबली असता हाताला ओल लागावी पण पाणी गळू नये, इतका ओलावा पुरे.

तीन महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत चार महिन्यांनी, खत पिकते. ते उघड्यावर फार दिवस ठेवल्यास त्यातील नायट्रोजन उडून जातो, म्हणून लवकर कुंड्यांत घालावे. पिंप रिकामे करताना तळचे पाटीभर खत मात्र तसेच राहू द्यावे; पुढच्या भरणीचे ते विरजण.